चार चाकांचा तोल

पुण्याच्या आकाशवाणी केंद्राचे काम २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. पुढील काळात मध्यम लहरींवरील ७९२ किलोहर्ट्झ हा त्याचा आकडा पुणेकरांच्या घरोघरी पाठ झाला होता. रेडिओचा काटा त्या आकड्यावर आणला की बातम्या, कीर्तने आणि शेतकऱ्यांसाठी हवामानाचा अंदाज ऐकू येई. या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर, म्हणजे एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंत शनिवारवाड्याचे अंगण सहज मावेल एवढी. आता एखाद्या मुलाच्या हातातील लहानशा पेटीतून जी लहर निघते, तिची लांबी अवघी साडेबारा सेंटिमीटर असते. तिच्यावरून बातम्या येत नाहीत. ती केवळ दोनच गोष्टी सांगते : चाके किती वळवावयाची आणि मोटार किती वेगाने फिरवावयाची. परंतु तेवढ्या सांगण्यावर दीड फूट लांबीची एक मोटारगाडी ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने धावते, वळते आणि थांबते.

दुरून यंत्र चालविण्याची ही विद्या नवी नव्हे. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ साली कलकत्त्यास भिंतीपलीकडे विद्युतलहरी पाठवून घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखविली. पुढे १८९८ साली निकोला टेस्ला याने न्यूयॉर्क येथील एका प्रदर्शनात पाण्याच्या हौदात लहानशी होडी सोडली आणि तिला स्पर्शही न करता तो ती हवी तशी वळवू लागला. पाहणाऱ्यांपैकी कित्येकांना ती जादू वाटली. मोटारगाड्यांच्या प्रतिकृतींकडे ही विद्या वळली ती मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. जपानमधील तामिया या कंपनीने १९७६ साली पोर्शे गाडीची रेडिओवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली. ती हुबेहूब व्हावी म्हणून कंपनीने खरीखुरी पोर्शे गाडी विकत घेतली आणि ती खिळ्याखिळ्यापर्यंत सोडवून तिच्या भागांचा अभ्यास केला. खेळण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणास वाटेल. पण अशी गाडी ज्याने स्वतः जोडली आहे तो तसे म्हणणार नाही.

शर्यतीची ही गाडी दुकानातून तयार आणावयाची नसते. ती सुट्या भागांच्या रूपाने येते, आणि जोडणाऱ्याने ती जशी जोडली तशीच ती पळते. समजा, पुण्याच्या सदाशिव पेठेत राहणाऱ्या दोन भावंडांनी वर्षभराच्या बचतीतून आणि वाढदिवसाच्या बक्षिसांतून असा एक संच मागविला आहे. बहीण नववीत, भाऊ सातवीत. तीन आठवड्यांनी शर्यत आहे, आणि तोवर गाडी जोडून, तिची पारख करून ती तयार व्हावयास हवी.

खोके उघडताच दिसतात त्या क्रमांक घातलेल्या लहान लहान पिशव्या आणि आकृत्यांनी भरलेली एक पुस्तिका. सगळ्या पिशव्या एकदम फोडून सामान परातीत ओतावे असा धाकट्याला मोह होणार, हे उघडच आहे. बहिणीने त्याला तसे करू दिले नाही, हे बरे केले. कारण दहा मिलिमीटरचा स्क्रू आणि बारा मिलिमीटरचा स्क्रू एकमेकांत मिसळले की ते डोळ्यांनी ओळखणे कठीण, आणि लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी बसविला तर तो आतल्या दुसऱ्या भागाला जाऊन टेकतो. जी हत्यारे संचात नव्हती, ती बोहरी आळीत मिळाली : दीड, दोन आणि अडीच मिलिमीटरच्या चांगल्या पोलादाच्या ॲलन की, एक बारीक कानस आणि एक चिमटा. हत्यार स्वस्तातले घेऊ नये. त्याचे टोक झिजले की स्क्रूच्या डोक्यातील सहा कोन गोल होतात, आणि मग तो स्क्रू ना आत जातो ना बाहेर येतो.

गाडीचा पाया म्हणजे कार्बन फायबरची दोन मिलिमीटर जाडीची एक काळी पाटी. तिच्यावर ॲल्युमिनियमचे खांब उभे राहतात आणि त्यांच्या माथ्यावर दुसरी, अरुंद पाटी बसते. या दोन पाट्या आणि खांब मिळून गाडीचा सांगाडा होतो. पाटीच्या एका बाजूस बॅटरी, दुसऱ्या बाजूस मोटार, तिला वीज मोजून देणारे नियंत्रक आणि लहरी ग्रहण करणारा रिसीव्हर अशी मांडणी असते. पुढची चाके वळविण्याचे काम सर्व्हो नावाची एक छोटी मोटार करते. धातूत जाणाऱ्या स्क्रूच्या आट्यांना निळ्या रंगाचे एक द्रव थेंबभर लावावयाचे असते, म्हणजे थरथरीने स्क्रू सैल होत नाही. तेच द्रव प्लॅस्टिकला लागले तर मात्र प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकते. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू पिळताना तर हाताला डोळे हवेत. डोके टेकल्याचे बोटांना जाणवले की तेथेच थांबावे. आणखी अर्धा फेरा दिला की आटे मारले गेलेच म्हणून समजावे.

यानंतर येतो डिफरन्शियल. या भागापाशी थोडे थांबावयास हवे, कारण याच्याइतकी सुंदर कल्पना सबंध गाडीत दुसरी नाही. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला मोठा फेरा पडतो आणि आतल्या चाकाला लहान. कवायतीत रांग वळते तेव्हा आतला गडी जागच्या जागी पावले टाकतो आणि टोकाचा गडी अक्षरशः धावतो, तसेच हे आहे. बैलगाडीला याची अडचण कधी भासली नाही. तिचा आस स्थिर असतो आणि दोन्ही चाके त्यावर आपापली स्वतंत्र फिरतात; गाडी ओढण्याचे काम बैलांचे, चाकांचे नव्हे. मोटारगाडीत मात्र चाकानेच गाडी ढकलावयाची असते. दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडली तर वळणावर त्यांपैकी एकाला फरफटत जावे लागते. मोकळी सोडली तर त्यांना फिरवावयाचे कसे? फ्रान्समधील ओनेसिफोर पेक्यूर या कारागिराने १८२७-२८ च्या सुमारास या पेचातून वाट काढली. एका डबीत तिरप्या दात्यांची लहान चाके अशी बसविली की, डबी दोन्ही बाजूंना सारखे बळ देते, पण एक बाजू मंदावली तर तेवढीच दुसरी बाजू वेगाने फिरते.

शर्यतीच्या गाडीत मागच्या आसावर अशी डबी असते, आणि तिच्या पोटात सिलिकॉनचे तेल भरलेले असते. हे तेल मधासारखे घट्ट घेतले तर दोन चाकांतील फरक सहजासहजी होत नाही, आणि पातळ घेतले तर चटकन होतो. पुढच्या आसावर पुष्कळदा डिफरन्शियल नसतोच. तेथे दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडलेली असतात. वर सांगितल्याप्रमाणे वळणावर त्यामुळे थोडी फरफट होते खरी, पण वळण संपताच दोन्ही पुढची चाके मिळून गाडीला जोराने ओढून बाहेर काढतात. लाभ आणि हानी यांचा असा हिशेब या गाडीत पावलोपावली मांडावा लागतो. मोटारीचे बळ पुढच्या आणि मागच्या आसांपर्यंत दोन दातेरी पट्टे पोहोचवितात. मोटारीच्या दांड्यावरील लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, आणि त्याला लागून फिरणारे मोठे चाक यांच्यात वहीच्या पातळ कागदाची एक पट्टी धरून ती दोन्ही एकमेकांत बसवावी आणि मग पट्टी ओढून काढावी. कागदाएवढी फट राहिली की दाते ना घासतात ना घसरतात.

शॉक ॲब्सॉर्बर चार. प्रत्येकात तेल भरलेली एक नळी, तिच्यात भोके असलेला दट्ट्या आणि बाहेरून स्प्रिंग. नुसती स्प्रिंग असती तर एकदा खड्ड्यात गेलेले चाक उसळ्या मारीतच राहिले असते. तेल त्या उसळीचा जोर शोषून घेते. तेल भरल्यावर दट्ट्या सावकाश वरखाली करावा, बुडबुडे वर येऊ द्यावेत, आणि नळी काही वेळ उभी ठेवून मगच झाकण लावावे. येथे घाई करणाऱ्याच्या नळीत हवा राहते. डाव्या आणि उजव्या बाजूचा शॉक एकाच वेळी दाबून सोडला असता दोन्ही दट्टे बरोबरीने परत आले पाहिजेत. भावंडांचा हा भाग दोनदा करावा लागला, तरी तो त्यांनी केला.

गाडीचे कवच पारदर्शक प्लॅस्टिकचे असते आणि ते आतून रंगवितात, म्हणजे धूळ व टकरी यांनी रंग खरवडला जात नाही. आतून रंगविताना सारा क्रम उलटा होतो. एरवी आधी पार्श्वभूमी आणि शेवटी बारकावे. येथे जे सर्वांत वर दिसावयाचे, ते सर्वप्रथम रंगवावे लागते. राजा दिनकर केळकर संग्रहालयात ज्यांनी जुनी काचचित्रे पाहिली असतील त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. त्या चितारांनी आधी डोळ्यांतील बाहुली काढली आणि मग चेहरा. धाकट्याने पट्टे आधी रंगविले आणि मग सबंध कवचाला निळा रंग दिला.

इतके झाले म्हणजे गाडी जोडली गेली. ती शर्यतीला मात्र अद्याप तयार नाही.

येथे थोडे गणित पाहणे अवश्य आहे. पाच मीटर त्रिज्येच्या वळणावरून गाडी सेकंदाला सात मीटर, म्हणजे ताशी सुमारे पंचवीस किलोमीटर वेगाने जात आहे असे धरू. तिला त्या वळणावर राखण्यासाठी बाजूने लागणारे बळ तिच्या स्वतःच्या वजनाइतके असते. वेग दुप्पट केला तर बळ दुप्पट नव्हे, चौपट लागते. कात्रजच्या जुन्या घाटात वाहनचालक वळणाआधीच वेग का कमी करतात, ते यावरून कळेल. आणि हे सारे बळ येते कोठून? मोटारीतून नव्हे, रेडिओतूनही नव्हे. टायरचा जो भाग त्या क्षणी जमिनीला टेकलेला असतो, त्या अंगठ्याएवढ्या चार ठिकाणांतून ते येते. गाडी लावणे, म्हणजे तिची मापे ठरविणे, याचा सगळा अर्थ एवढाच की, त्या चार ठिकाणांनी जमिनीला शक्य तितके घट्ट आणि सारखे धरून राहावे.

यासाठी चाकांना निरनिराळे कल दिलेले असतात. वळणावर गाडीचे अंग बाहेरच्या बाजूस झुकते आणि टायरही झुकतो. म्हणून चाकांचे माथे आधीच दीड-दोन अंश आत कलते ठेवतात, म्हणजे ऐन वळणावर टायर जमिनीवर सपाट बसतो. याला कॅम्बर म्हणतात. मागची दोन्ही चाके, उभ्या माणसाने पायांचे चवडे किंचित आत वळवावेत तशी, दोन-तीन अंश आत वळविलेली असतात. त्यामुळे गाडी सरळ रस्त्यावर शेपूट हलवीत नाही. पुढची चाके वळताना आतले चाक बाहेरच्यापेक्षा अधिक वळते, कारण त्याचे वर्तुळ लहान असते. ही युक्ती घोड्यांच्या बग्गीसाठी म्युनिकच्या एका गाडीकाराने काढली होती आणि १८१८ साली इंग्लंडात तिचे पेटंट ॲकरमन याच्या नावे घेतले गेले. नाव राहिले ते ॲकरमनचेच. पाटी जमिनीपासून किती उंच, हेही ठरवावे लागते. गालिच्यावरील किंवा गुळगुळीत डांबरावरील शर्यतीत पाच मिलिमीटर उंची पुरते. पुण्यातील मोकळ्या आवारांत काँक्रीट खडबडीत, त्यावर वाऱ्याने आलेली माती. तेथे मिलिमीटरभर अधिक उंची ठेवणे शहाणपणाचे.

रेडिओ जुळविणे त्या मानाने सोपे. पूर्वी प्रत्येक गाडीला स्वतंत्र कंपनसंख्येचा स्फटिक लागे, आणि दोघांनी चुकून एकच स्फटिक लावला तर एकाच्या हुकमाने दुसऱ्याची गाडी पळू लागे. आताच्या पेट्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपली जागा स्वतः शोधतात आणि आपल्याच रिसीव्हरशी बोलतात. तथापि एक नियम कायम आहे : सुरू करताना आधी हातातील पेटी आणि मग गाडी, बंद करताना आधी गाडी आणि मग पेटी. आणि लहर तुटली तर मोटार आपोआप थांबेल अशी योजना करून, चाके अधांतरी ठेवून, ती खरोखर थांबते की नाही ते पाहिल्यावाचून गाडी जमिनीवर ठेवू नये. सुमारे चौदाशे ग्रॅमची ही गाडी सेकंदाला चौदा मीटर वेगाने धावत असता कोणाच्या घोट्यावर आदळली, तर तो आघात दहा मीटर उंचीवरून पडलेल्या तेवढ्याच वजनाच्या वस्तूचा असतो. दहा मीटर म्हणजे जवळजवळ तिसरा मजला. म्हणून ही गाडी रहदारीच्या रस्त्यावर कधीही चालवावयाची नसते. सोसायटीच्या चिटणिसांची परवानगी घेऊन, वाहने काढून मोकळ्या केलेल्या आवारात, लहान मुलांना कठड्यापलीकडे उभे करून भावंडांनी पहिली फेरी घेतली.

चालविणेही वाटते तितके सोपे नाही. चालवणारा गाडीत बसलेला नसतो, तो बाहेर उभा असतो. गाडी त्याच्यापासून दूर जात असता तिचे डावे ते त्याचे डावे. ती त्याच्याकडे येऊ लागली की तिचे डावे ते त्याचे उजवे होते. पहिल्या दिवशी बहुतेकांच्या गाड्या कुंपणावर जातात त्या यामुळेच. दोन-तीन संध्याकाळी गेल्यावर दोघांनाही ते साधले, आणि मग गाडीचा खरा दोष दिसू लागला. उजव्या वळणावर तिची मागची बाजू निसटून गाडी गिरकी घेई. डाव्या वळणावर मात्र नेमके उलट. चाके पुरती वळविली तरी गाडी वळण सोडून बाहेर बाहेर जाई. सरळ रस्त्यावर ती सुतासारखी सरळ धावे.

धाकट्याने त्या रात्री मागचे टायर नवे लावले आणि डिफरन्शियलमध्ये अधिक घट्ट तेल भरले. दुसऱ्या दिवशी उजव्या वळणावर मागची बाजू थोडी आवरली. पण डाव्या वळणावर गाडी अधिकच बाहेर जाऊ लागली. “काय केल्याने काय झाले, ते आता सांगता येईल का तुला?” असे बहिणीने विचारले. “टायरमुळे असेल, ताई,” तो म्हणाला, “नाहीतर तेलामुळे.” तिने दोन्ही बदल काढून गाडी पूर्ववत केली आणि एका वहीत तक्ता आखला. दिनांक, जमिनीची स्थिती, केलेला एकच बदल, दहा फेऱ्यांना लागलेला वेळ, आणि वळणावळणाचे वर्णन. त्यानंतर एका वेळी दोन बदल करावयाचे नाहीत असे ठरले. धाकट्याला ही पद्धत फार सावकाशीची वाटली, कारण शर्यतीला आता आठच दिवस उरले होते.

शेजारी एक गृहस्थ राहत. पिंपरीच्या बाजूस एका कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षे जोडारी म्हणून काम केलेले. त्यांनी गाडी हातात घेतली, डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिली आणि विचारले, “पोरांनो, सपाट जागी ठेवून पाहिलीत का ही? रस्त्यावर नव्हे, काचेवर.” मग त्यांनी सुरीचे पाते गाडीच्या पुढच्या भागाखाली, अगदी मध्यावर धरून हळूच वर उचलले. डावे चाक आधी उचलले गेले; उजवे क्षणभर टेकूनच राहिले.

याचा अर्थ लावण्यासाठी बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून स्वयंपाकघरातील चार वजनकाटे गोळा झाले. प्रत्येकावर एकच मिठाची पुडी ठेवून काटे आधी तपासले. ग्रॅम-दोन ग्रॅमचाच फरक होता. मग काचेवर ठेवलेल्या चारही काट्यांवर एकेक चाक ठेवले. आकडे आले ते असे : पुढचे डावे ३१२ ग्रॅम, पुढचे उजवे ३४८, मागचे डावे ३७८, मागचे उजवे ३४२. एकूण १३८० ग्रॅम. बहिणीने बेरीज केली. डाव्या बाजूचे ६९० आणि उजव्या बाजूचेही ६९०. “दोन्ही बाजू तर सारख्याच आहेत!” असे म्हणून धाकटा निराश झाला. “आता तिरपी बेरीज कर,” काका म्हणाले. पुढचे डावे आणि मागचे उजवे मिळून ६५४. पुढचे उजवे आणि मागचे डावे मिळून ७२६. फरक ७२ ग्रॅमचा.

चौरंगाचा एक पाय आखूड असला म्हणजे चौरंग डुगडुगतो. तो डावीउजवीकडे डुगडुगत नाही, तर समोरासमोरच्या दोन पायांवर तिरपा डुगडुगतो. माणूस त्यावर बसला की भार त्या दोन पायांवर पडतो आणि उरलेले दोन नावापुरते टेकतात. गाडीचेही तेच झाले होते. तिचे वजन दोन्ही बाजूंना बरोबर वाटलेले होते, पण सांगाडाच किंचित पिळलेला होता. त्यामुळे एक कर्ण भारी झाला आणि एक हलका. पुढचे उजवे व मागचे डावे चाक भारी असले की डाव्या वळणावर गाडी वळण धरीत नाही आणि उजव्या वळणावर मागची बाजू सोडते. अमेरिकेत लंबवर्तुळाकार मार्गावर ज्या शर्यती होतात, त्यांत गाड्यांना केवळ डावीकडेच वळावयाचे असते. तेथील कारागीर असा तिरपा भार मुद्दाम कमीअधिक करतात. ज्या गाडीला दोन्हीकडे वळावयाचे आहे, तिला मात्र तो घातक.

सांगाडा पिळलाच कसा? शॉकच्या स्प्रिंगा कमीअधिक दाबलेल्या असल्या तरीही तिरपा भार येतो. म्हणून आधी काकांच्या व्हर्नियर कॅलिपरने त्यांची मापे घेतली. ती दोन्ही बाजूंना सारखी निघाली. तेव्हा दोष वरच्या पाटीच्या जोडणीचाच. धाकट्याने जोडताना गाडी हातात धरून एका बाजूचे सगळे स्क्रू आधी पक्के आवळले होते आणि मग दुसऱ्या बाजूचे. पाटी जशी वाकली तशीच ती स्क्रूंनी धरून ठेवली. आता सगळे स्क्रू अर्धा फेरा सैल केले, गाडी जाड काचेवर ठेवून तळवा सपाट दाबून धरला, आणि एकदा या कोपऱ्याचा तर एकदा समोरच्या कोपऱ्याचा असे, थोडे थोडे करीत स्क्रू आवळले. मोटारीच्या चाकाचे नट गॅरेजमध्ये याच क्रमाने आवळतात. मग पुन्हा काट्यांवर : ३२९, ३३१, ३६१, ३५९. तिरप्या बेरजा ६८८ आणि ६९२.

अशी मापे घेण्याचे काम खऱ्या मोटारगाड्यांवर पुण्यातच फार मोठ्या प्रमाणावर चालते. कोथरूडच्या टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. तेथे वाहनांचे ब्रेक, धूर, दिवे, मजबुती यांची परीक्षा होते. आकुर्डी, पिंपरी, चाकण येथील कारखान्यांतून जे वाहन रस्त्यावर येते, त्याच्यामागेही असे काटे आणि अशा वह्या असतातच. फरक एवढाच की तेथे चूक राहिली तर कुंपणाला कवच घासून निभावत नाही.

त्या संध्याकाळी गाडीने दोन्ही वळणे सारखी घेतली. आता कोठे टायर आणि तेल यांच्याविषयी बोलण्यात अर्थ होता. पुढील चार दिवसांत बहिणीच्या वहीत चार बदल नोंदले गेले. दोन ठेवले, दोन काढून टाकले. घट्ट तेल काढून टाकलेल्यांपैकी होते. नवे टायर शर्यतीसाठी राखून ठेवले. दहा फेऱ्यांचा वेळ १६२ सेकंदांवरून १४७ सेकंदांवर आला. त्यांपैकी दहा सेकंद एकट्या स्क्रूंच्या क्रमाने मिळवून दिले होते, असे वहीवरून दिसते.

बॅटरीविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. या गाडीत लिथियम पॉलिमरचे दोन सेल असतात. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, त्याहून अधिक भरला तर तो फुगतो आणि पेट घेऊ शकतो. ३ व्होल्टच्या खाली उतरू दिला तर तो कायमचा बिघडतो. म्हणून बॅटरी भरताना दोन्ही सेलांवर स्वतंत्र नजर ठेवणारा चार्जरच वापरावा, फरशीवर किंवा पत्र्याच्या डब्यात भरावी, पडदे आणि कागद दूर ठेवावेत, वाळूची बादली जवळ असू द्यावी, आणि मोठे माणूस घरात असताना, तेही समोर बसून भरावी. फुगलेली किंवा टकरीत चेपलेली बॅटरी कितीही महाग असली तरी पुन्हा भरू नये. शर्यतीच्या आदल्या रात्री धाकटा ती भरत ठेवून झोपावयास निघाला होता. बहिणीने त्याला परत बोलाविले, आणि दोघे चार्जरचा आकडा पाहत एकमेकांना इतिहासाची सनावळी विचारीत बसले.

शर्यत पाच मिनिटांची होती. दहा गाड्यांत भावंडांची गाडी चौथी आली. तिसऱ्या गाडीने शेवटच्या फेरीत तिला मागे टाकले, ते डाव्याच वळणावर. पण गाडीचा त्यात दोष नव्हता, धाकट्याने आतली जागा मोकळी सोडली होती. घरी आल्यावर त्याने कवच काढले, ब्रशने पट्ट्यांतील माती झाडली, सगळे स्क्रू बोटांनी चाचपून पाहिले आणि गाडी काचेवर ठेवली. बहिणीने बॅटरी प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर येईल अशी करून डब्यात ठेवली. मग काटे परत करावयाचे होते, तेवढ्यात धाकटा म्हणाला, “ताई, थांब. द्यायच्या आधी एकदा वजन करू या.” पुढचे डावे ३२४ ग्रॅम भरले. वरच्या पाटीचा एक स्क्रू टकरीने सैल झाला होता.